चमचाभर साखर आणि अम्मीचे रोजे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि लिहिते मात्र मराठीत. त्यामुळे शरीराच्या प्रत्येक अवयवाची माझ्याकडे दोन-दोन नावं असतात. यकृत म्हणजे जिगर, मूत्रपिंड म्हणजे गुर्दा आणि स्वादुपिंड म्हणजे लबलबा. जिगर मुलांना लगेच कळतं, कारण प्रत्येक घरात कुणी ना कुणी ‘जिगर का टुकडा’ असतोच. गुर्दाही कळतो, बकरी ईदला तो त्यांनी पाहिलेला असतो. लबलबा म्हटलं की मात्र अख्खा वर्ग हसतो. हा शब्द त्यांनी घरी कधी ऐकलेलाच नसतो.

हा लबलबा जठराच्या मागे आडवा दडलेला असतो. लांबीला वीतभर. अन्न पचवणारा रस तयार करणं हे त्याचं मोठं काम. पण त्याच्या आत पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात, साधारण दहा लाख. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथम टिपले. ते काय काम करतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे या पुंजक्यांना ‘लँगरहॅन्सची बेटं’ असं नाव पडलं. उर्दूत बेट म्हणजे जजीरा. आपल्या मुरुडचा जंजिरा याच शब्दातून आला. इन्सुलिन हे नावही लॅटिन भाषेतल्या बेट या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेलं आहे. तेव्हा मी मुलांना सांगते, तुमच्या प्रत्येकाच्या पोटात दहा लाख जंजिरे आहेत आणि त्यांचा पहारा चोवीस तास चालू असतो.

पहारा कशावर? तर साखरेवर. इथे मी फळ्यावर एक हिशेब मांडते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. १०० धरा आणि गुणाकार करा. उत्तर येतं ५ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या शरीराच्या रक्तात मिळून फक्त एक चहाचा चमचा साखर! मुलांचा विश्वास बसत नाही. दोघं-तिघं पुन्हा गुणाकार करून बघतात.

मग मी दोन आकडे आणखी लिहिते. मोठ्या आकाराच्या एका मेदजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम साखर असते. म्हणजे एकच खजूर खाल्ला तर रक्तात आहे त्याच्या तिप्पट साखर पोटात गेली. दुसरा आकडा मेंदूचा. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. रक्तातली सगळी साखर एकटा मेंदू तासाभरात संपवील. खजूर खाल्ल्यावर आपली साखर तिप्पट होत नाही आणि तासभर काही खाल्लं नाही तर आपण बेशुद्धही पडत नाही. मधे कुणीतरी सांभाळून घेतं.

सांभाळणारे मुख्य दोघे, आणि दोघेही त्या जंजिऱ्यांवरच राहतात. खाल्ल्यानंतर रक्तात साखर वाढू लागली की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं आणि जिगरला सांगतं, आता साठव. जिगर ही साखर ग्लायकोजेनच्या रूपात भरून ठेवतं. आपल्याकडे धान कोठीत भरतात तसंच. साखर उतरू लागली की अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि जिगरला सांगतात, कोठी उघड. एकाचा हुकूम साठवण्याचा, दुसऱ्याचा काढण्याचा. दोघांच्या ओढाताणीतून तो चमचा भरलेला राहतो. स्नायूंकडेही साठा असतो, जिगरपेक्षा कितीतरी मोठा. पण तो ते स्वतःपुरताच वापरतात. रक्तात साखर परत द्यायचं काम प्रामुख्याने जिगरच करतं. जिगरवाला माणूस म्हणजे दिलदार माणूस, असं आपण उगाच म्हणत नाही!

रोज्याच्या दिवशी हे सगळं घड्याळासारखं पाहायला मिळतं. सहेरीनंतर पहिले चार-पाच तास खाल्लेल्या अन्नातून साखर येत राहते. नंतर इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं आणि जिगरची कोठी उघडते. तिच्यात साधारण १०० ग्रॅम माल असतो. दुपार टळल्यावर कोठी हलकी होते, तसं जिगर आणखी एक काम वाढवतं. स्नायूंकडून आलेलं लॅक्टिक आम्ल, प्रथिनांचे तुकडे आणि चरबीतलं ग्लिसरॉल यांच्यापासून ते नवी साखर बनवतं. स्नायू शहाण्यासारखे चरबी जाळून भागवतात आणि साखर मेंदूसाठी आणि रक्ताच्या लाल पेशींसाठी सोडतात. मगरिबच्या अजानपर्यंत निरोगी रोजेदाराचा चमचा जवळजवळ भरलेलाच असतो. घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. पण साखर आपली जागा सोडत नाही.

हे मी दरवर्षी शिकवते. आमच्या अम्मीच्या शरीरात मात्र हे घड्याळ बिघडलेलं आहे.

आमचं गाव देवरी. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेजवळ. मुंबई-कोलकाता महामार्ग गावाला लागूनच जातो; पूर्वी त्याचा नंबर ६ होता, आता ५३ आहे. अब्बांचं याच रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. आजूबाजूला जंगल आणि धानाची शेती. सकाळी भात, रात्री भात, पाहुणा आला तर पुलाव. ‘शुगर’ ही शहरातल्या, बसून खाणाऱ्या, पोट सुटलेल्या श्रीमंतांची बीमारी, असं आमच्या मोहल्ल्यात सगळे मानत. अम्मी तर काटकुळी. विहिरीचं पाणी ओढून, घर सारवून, पाच मुलं वाढवून झिजलेली. तिच्या रिपोर्टमध्ये शुगर निघाली तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, “मशीन खराब होगी. इनके बदन पे गोश्त कहाँ है?”

खालांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण स्नायू कमी असले तरी चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. याज्ञिकांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा, डॉ. जॉन युडकिन यांचा, शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपली माणसं काट्यावर बारीक भरली तरी आतला हिशेब वेगळा असू शकतो. पोटातली आणि जिगरमधली चरबी इन्सुलिनचा हुकूम ऐकू देत नाही. बीटा पेशी आवाज चढवतात, जास्त इन्सुलिन सोडतात आणि पुढे थकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ते सगळेच बसून खाणारे शेठ असू शकत नाहीत.

आमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मधुमेह किती ताब्यात आहे हे पाहायला डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करतात. तिला एचबीए१सी म्हणतात. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ती मोजते आणि त्यासाठी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते असं धरते. पण पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी फार लवकर मरते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि रिपोर्ट खरा असतो त्यापेक्षा चांगला येतो. आपल्या घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावं आणि बोटातून थेंब काढून केलेल्या तपासणीवरही लक्ष ठेवावं.

अम्मीला सिकलसेल नाही. तिचा प्रश्न रमजानचा होता.

ती नऊ वर्षांची असल्यापासून रोजे ठेवत आलेली. बाळंतपणात राहिलेले रोजेही तिने मोजून नंतर पूर्ण केलेले. शुगर निघाल्यावर तिला दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. जिथून त्या आणायचो तिथे कोणी रमजानबद्दल विचारलं नाही आणि अम्मीने आपणहून सांगितलं नाही. सकाळची गोळी ती सहेरीला घेऊ लागली. “खाली पेट रहने से तो शुगर कम होती है, अच्छा ही है,” हे तिचं म्हणणं. मोहल्ल्यात पुष्कळांचं हेच म्हणणं असतं.

ते अर्धंच खरं आहे. मधुमेहात जिगर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि मालकाने ‘पुरे’ म्हटलं तरी कोठी उघडीच ठेवतं. त्यामुळे काहींची साखर उपाशीपोटीही चढलेली असते. रोजा ठेवून ती आपोआप उतरेल असं नाही. उलट काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला लावतात. निरोगी शरीरात साखर उतरली की इन्सुलिन थांबतं. गोळीला मात्र पोट रिकामं आहे की भरलेलं हे कळत नाही. तिचा हुकूम सुटलेला असतो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचंही तसंच.

त्या वर्षी तेविसाव्या रोज्याला मी शाळेतून आले, तर अम्मी अंगणात बसून तांदूळ निवडत होती. निवडलेला तांदूळ पुन्हा खड्यांच्या ढिगात टाकत होती. कपाळ घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. मी हाक मारली तर माझ्यावरच चिडली, तेही अब्बांचं नाव घेऊन. अब्बा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात ग्लुकोमीटर होता. बोटाला सुई टोचली. आकडा आला ४८.

घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही शरीराची धोक्याची घंटा असते. साखर घसरली की ॲड्रिनलिन सुटतं आणि ही लक्षणं दिसतात. त्याखाली गेलं की मेंदू उपाशी पडतो. बोलणं अडखळतं, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. रोजेदार चिडला तर “रोजा लग रहा है” म्हणून आपण हसून सोडून देतो. मधुमेही रोजेदाराच्या बाबतीत ते सोडून देऊ नये.

मी पेल्यात तीन चमचे साखर विरघळवली आणि तिच्या ओठांना लावली. ती तोंड फिरवत होती. वेळ असरनंतरची. इफ्तारला तासाभराचाच अवकाश होता. मी तिच्या हनुवटीला धरून घोट-घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी आकडा ७९ झाला. अम्मीची नजर ठिकाणावर आली. तिने पेल्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आणि रडू लागली. “एक घंटा था बेटी. एकही घंटा.”

तो एक तास तिने काढला असता का? मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला उत्तर ठाऊक आहे. पण तिच्या रडण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला मृत्यूची भीती वाटत नव्हती. चोपन्न वर्षांची तसबीह होती आणि तिचा एक मणी निखळला होता.

तिची गोष्ट काही एकटीची नाही. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. टाईप दोनच्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्के लोक रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवत होते. आणि साखर इतकी घसरणं की दवाखान्यात भरती व्हावं लागावं, हे त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढलं होतं. माणसं ऐकत नाहीत हे खरं. पण ती हट्टी असतात म्हणून नव्हे. रोजा सोडला तर आपण जमातीच्या बाहेर पडलो असं त्यांना वाटतं. घरात सगळे दस्तरखानावर अजानची वाट पाहतात आणि दुपारी जेवलेला माणूस कोपऱ्यात बसतो. ही लाज साखरेपेक्षा जड असते.

ईदनंतर मी अम्मीला घेऊन मशिदीच्या मौलाना साहेबांकडे गेले. त्यांनी सूरह बकराच्या रोज्यांच्या आयती समजावून सांगितल्या. आजारी आणि मुसाफिर यांना रोजा सोडायची मुभा तिथेच दिलेली आहे. आजार बरा होणारा असेल तर नंतर कजा करावी. बरा होणारा नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदिया. जीव वाचवायला रोजा तोडला तर गुनाह नाही. अम्मी मान हलवत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, “मालूम है मुझे. पर वो बीमारों के लिए है. मैं कहाँ बीमार हूँ? चलती हूँ, फिरती हूँ.”

त्या दिवशी माझ्या पिशवीत वर्गातल्या मुलांच्या रजेच्या अर्जांचा गठ्ठा होता. आमच्या शाळेत रजेच्या अर्जाला ‘रुखसत की दरख्वास्त’ म्हणतात. फिकहमध्येही अल्लाहने दिलेल्या सवलतीला रुखसतच म्हणतात. मौलाना साहेबांनी तोच शब्द वापरला होता. मी अम्मीला विचारलं, “ताप आलेलं पोर मी रजा दिल्यावरही वर्गात येऊन बसलं आणि बाकावर कोसळलं, तर मी खूश होईन का?” अम्मी म्हणाली, “तू तो डाँटेगी.” मग बराच वेळ ती गप्प होती. शेवटी म्हणाली, “छुट्टी मंजूर करनेवाले ने कर दी, और मैं ही नहीं ले रही.”

यानंतर सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या रमजानच्या दोन महिने आधी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मधुमेह्यांच्या रमजानविषयी २०१६ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०२१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. त्यांतही सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं असंच सांगितलं आहे. प्रत्येकाला रोजा मना नाही. कुणाला गोळीची वेळ आणि मात्रा बदलून ठेवता येतो, कुणाला अजिबात नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. जो ठेवील त्याने दिवसात साखर तपासावी. बोटातून थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर वेळ न पाहता रोजा सोडावा, मग अजानला पाच मिनिटं का उरलेली असेनात. इफ्तारला शरबताचा ग्लास आणि भज्यांची परात यांनी तुटू नये. एखाद-दुसरा खजूर, पाणी, चणे पुरे. तरावीहला उभं राहणं, झुकणं हा चांगला व्यायाम आहे. काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात.

अम्मीला डॉक्टरांनी रोजा मना केला. तिच्यावर साखर घसरण्याचा प्रसंग येऊन गेला होता आणि वयही झालं होतं. तिने ऐकलं. पण तिने एक अट घातली. सहेरीला सगळ्यांना तीच उठवणार, दस्तरखान तीच मांडणार आणि फिदियाचा तांदूळ तीच मोजणार.

शाबानच्या शेवटच्या दिवशी तिने तीस पुड्या केल्या. प्रत्येक पुडीत एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणाचा तांदूळ आणि डाळ. रोज दुपारी ती एक पुडी पदराखाली घेऊन निघते आणि रिकाम्या हाताने परत येते. कुणाच्या दारी जाते हे ती आम्हाला सांगत नाही. आल्यावर हात-पाय धुऊन बोट पुढे करते, मी सुई टोचते. आकडा ती स्वतःच मोठ्याने वाचते आणि वहीत तारखेपुढे लिहिते. वहीत दोन रकाने आहेत. एकात शुगर, दुसऱ्यात फिदिया. दुसऱ्या रकान्यात एकही दिवस रिकामा नाही.